निरोगी मांसलपणा

डॉक्टरांनी ते वाक्य उच्चारले तेव्हा त्यांची नजर पुढच्या रुग्णाच्या कागदांवर गेलेली होती. "वजन जरा वरच्या अंगाला आहे हं. लक्ष ठेवा." एवढेच. लक्ष कोणी, कशावर आणि किती ठेवायचे याचा खुलासा त्या वाक्यात नव्हता, आणि बाहेरच्या बाकावर तीन मुले एका सुरात रडत असल्यामुळे तो मागण्याइतका उद्धटपणा छोटीच्या आईबापांना साधला नाही. सव्वादोन वर्षांची छोटी स्वतः त्या वेळी एका पायात मोजा आणि दुसऱ्या पायात काहीच नाही अशा थाटात वजनकाट्यावर उभी होती आणि उतरायला तयार नव्हती. तिच्या उड्यांबरोबर काट्यावरचा आकडा नाचत होता. ती त्याला टाळ्या वाजवून दाद देत होती.

"चला, उतरा महाराणी," नर्स म्हणाली. "बाकीच्यांनाही राज्य करू द्या थोडं."

असे वाक्य कानावर पडले तर साधी माणसे घरी जाऊन ते विसरतात, किंवा चार दिवस काळजी करून पाचव्या दिवशी विसरतात. सुशिक्षित माणसे वाचायला बसतात. हे दोघे तर पोटासाठीच वाचणारे: वडील एका बृहत्कोशाच्या कार्यालयात संपादक, आई महाविद्यालयात व्याकरण शिकवणारी. पंधरवड्याच्या आत त्यांनी बालकांच्या वजनाविषयी इतके वाचले की त्या विषयावर त्यांना व्याख्यान देता आले असते आणि मुलीला केळे देता आले नसते. एका लेखाचा संशय दुधावर होता, दुसऱ्याचा फळांच्या रसावर, तिसऱ्याचा लाड करणाऱ्या नातेवाइकांवर. कोणी म्हणे भूक लागेल तेव्हाच द्या, कोणी म्हणे घड्याळ लावून द्या. परस्परांचे मुद्दे खोडण्यात आयुष्य घालवलेल्या या सर्व विद्वानांचे एका बाबतीत मात्र हृद्य एकमत होते, आणि ते असे की चूक आईची असते.

कोशाच्या कार्यालयात त्या सुमारास 'ब' हे अक्षर चालू होते. छोटीच्या वडिलांनी महिन्यापूर्वीच 'बाळसे' या शब्दाची नोंद लिहून हातावेगळी केली होती: 'लहान मुलाच्या अंगी दिसणारा निरोगी मांसलपणा.' आता छपाईपूर्वीच्या तपासणीत ती पुन्हा समोर आली आणि 'निरोगी' या शब्दापाशी त्यांची लेखणी अडली. त्यांनी तो खोडला. मग समासात पुन्हा लिहिला. मग 'बहुधा' असे त्याच्या आधी घातले, आणि आपण शब्दकोश लिहीत आहोत की डॉक्टरांची चिठ्ठी, या विचाराने तेही खोडले.

"काय हो," पलीकडच्या टेबलावरचे ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "तुमचं बाळसं अजून उतरत नाही वाटतं?"

"त्याचीच तर काळजी आहे," छोटीचे वडील म्हणाले.

काळजी खरी आईला होती, आणि तिचे मूळ कोणत्याही लेखात नव्हते. ती स्वतः लहानपणी गोलमटोल होती आणि घरात तिला 'ढमी' म्हणत. नाव तिच्या थोरल्या भावाने ठेवले होते. ते घरातून गल्लीत गेले, गल्लीतून शाळेत, आणि शाळेत तर गुरुजींनीही एकदा हजेरी घेताना तेच उच्चारून वर्गाला हसवले. त्यानंतर केव्हातरी तिने चारचौघांत दुसऱ्यांदा वाढून घेणे बंद केले. लग्नानंतर कितीतरी दिवस नवऱ्याची समजूत होती की बायकोची भूक चिमणीएवढी आहे, आणि हा आपला काही गुण असल्यासारखा तो मित्रांना ते सांगत असे. ती पुरेसे जेवायची, फक्त सगळी उठून गेल्यावर, ओट्यापाशी उभ्याने, भांड्यातून.

छोटीचे असे होऊ नये, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती. वजन कमी झाले नाही तरी एक वेळ चालेल. पण ताटाकडे हात नेताना कोणाच्या तरी तोंडाकडे बघण्याची सवय तिला लागू नये.

"तिच्यासमोर जाड हा शब्द नको," ती नवऱ्याला म्हणाली. "वजन नको. 'पुरे आता' नको. 'किती खातेस' तर मुळीच नको."

"मग बोलायचं कसं? आपल्याला तर दिवसभर तेवढाच विषय उरलाय."

"तिला कळणार नाही अशा भाषेत बोलू."

"परदेशी भाषा पाळणाघरात शिकवतात. तिला येतात चार शब्द."

"तिला कुठेच ऐकू येणार नाही अशी भाषा आहे आपल्याकडे," ती म्हणाली. "तू रोज तिच्यातल्या शब्दांवर शिक्के मारतोस."

कोशात अशा शब्दांपुढे 'ग्रां.' असे लिहिलेले असते. ग्रांथिक, म्हणजे केवळ ग्रंथात वावरणारा, जिवंत माणसाच्या तोंडी नसलेला. तिचे म्हणणे साधे होते आणि खरे सांगायचे तर सुंदरही होते: या शब्दांनी आजवर कोणाला चिडवलेले नाही. 'स्थूल' म्हणून कोणी कोणाच्या मागे गल्लीत धावलेले नाही. ज्या शब्दांत कोणी राहतच नाही, त्यांच्यात कोणाला दुखेल कसे?

तेव्हापासून त्या घरात बिस्किटाला 'पिष्टक' म्हणू लागले. गोड ते 'मधुर', वजन म्हणजे 'भार', दुसऱ्यांदा वाढून घेणे म्हणजे 'पुनर्ग्रहण'. आणि छोटीला अमुक देऊ नकोस असे एकाने दुसऱ्याला सुचवायचे झाले, तर 'वर्ज्य'. सुरुवातीला दोघांना त्याची मजाही वाटली.

"पिष्टक शिल्लक आहे काय?"

"एकच. परंतु मधुर आहे."

"मग वर्ज्य. केळं?"

"केळं प्रातःकाळी झालं. आता तेही वर्ज्य."

छोटी दोघांच्या मध्ये उभी राहून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायची. आईबापांना वाटे, बिचारीला काही कळत नाही. काही कळत नाही म्हणूनच ती इतकी टक लावून बघते, हे त्या दोघांच्या विद्वत्तेत बसण्यासारखे नव्हते.

मजा लवकर संपली. पहारा हे थकवणारे काम आहे, आणि दोन्ही पहारेकऱ्यांना दिवसा नोकरी होती. बिस्किटांचा डबा कपाटावर गेला. तो काढायला स्टूल लागे. स्टूल सरकवल्याचा आवाज छोटी झोपेतही ओळखे. तिच्यासमोर जे खायचे नाही ते तिच्या नकळत खायचे, म्हणजे दोन प्रौढ, पदवीधर, कर भरणारी माणसे स्वतःच्या घरात चोर झाली. एका संध्याकाळी नळाचा आवाज फार वेळ येत राहिला म्हणून आईने न्हाणीघराचे दार ढकलले. नवरा उपड्या बादलीवर बसून पाव खात होता.

"नळ सोडून काय करतोयस?"

"हात धुतोय."

"मिशीला लोणी लागलंय."

त्याने मिशी पुसली. मग तिने दार आतून लावून घेतले आणि हात पुढे केला. "अर्धा दे."

दोघे ओल्या फरशीवर पाय वर धरून, एकमेकांकडे न बघता, तो पाव संपवत होती तेव्हा दारावर एक लहानशी थाप पडली. "आई, काय कलतेश?"

"हात धुतेय गं," आई म्हणाली, आणि तोंडातला घास न चावता गिळला.

मध्यंतरी मामा येऊन गेला. हाच तो थोरला भाऊ. आता टक्कल पडलेला, प्रेमळ, हातात पिशवी घेतल्याशिवाय कोणाच्या घरी न जाणारा. दारातूनच त्याने आरोळी ठोकली, "कुठाय आमची धाकटी ढमी?"

"दादा, ते नाव नको," छोटीची आई म्हणाली.

"का? मोठ्या ढमीला राग आला वाटतं!" त्याने छोटीला उचलून हवेत उडवले आणि स्वतःच्या कमरेला हात लावत खाली ठेवले. "बाप रे. दगडं भरलीत काय गं पोटात?"

"दादा, खरंच सांगतेय. तिच्यासमोर असलं काही बोलू नकोस."

"अगं, थट्टेनं काय कोणी मरतं? स्वतःकडे बघ ना. मी तेव्हा चिडवलं नसतं तर अशी सडसडीत झाली असतीस का तू? माझे आभार मान, आभार. भावोजी, सांगा तुम्ही हिला."

भावोजींनी चहा टाकायला म्हणून आत जाणे पसंत केले. मामा तासभर बसला, पिशवीतली बिस्किटे टेबलावर ठेवून गेला, आणि जाताना छोटीच्या गालाचा चिमटा घेऊन "जप हो स्वतःला, ढमे" असे म्हणाला. ते तो कोणत्या ढमीला म्हणाला, हे स्पष्ट झाले नाही.

त्याचे बोलणे खोटे असते तर बरे झाले असते. पुढचे कित्येक दिवस आईला छळले ते या शंकेने की भाऊ म्हणतो ते बरोबर तर नसेल? चिडवून बारीक झालेली बाई हा चिडवण्याच्या उपयुक्ततेचा पुरावा नव्हे काय? तिच्यासारखी बाई, जी विद्यार्थ्यांना कार्यकारणाची उपवाक्ये वेगळी काढायला शिकवते, तिला या युक्तिवादातले भोक दिसत होते. ते दिसत असूनही तिने मामाची बिस्किटे न उघडता पाळणाघरात देऊन टाकली, आणि घरात 'वर्ज्य' हा शब्द पूर्वीपेक्षा जास्त वेळा ऐकू येऊ लागला.

पाळणाघर चालवणाऱ्या मावशींनी आईला फाटकापाशी गाठले तेव्हा त्यांच्या कडेवर एक मूल होते आणि दुसरे साडीला लोंबत होते.

"ताई, एक विचारू का? रागावू नका. 'वर्ज' ही काही शिवी आहे का हो?"

"काय?"

"वर्ज, वर्ज. तुमची छोटी म्हणते. काल त्या जुळ्यांच्या हातातनं पाव काढून घेतले. म्हणाली, वर्ज. आणि नेऊन ठेवले कोपऱ्यात, पायपुसण्यावर. स्वतः खाल्ले असते तर मी समजले असते, मुलं खातात एकमेकांचं. हिनं तोंडसुद्धा लावलं नाही. आता सगळी पोरं शिकलीत. परवा एकानं घ्यायला आलेल्या बापालाच वर्ज म्हटलं. तो मला विचारतो, मावशी, हे काय संस्कार? मी काय सांगू?"

आईला हसू यायला हवे होते. "आणि ती स्वतः? ती खाते ना?"

"विचारून खाते."

"म्हणजे?"

"हातात घेते आणि विचारते, वर्ज? मी म्हणते नाही गं बाई, खा. मग एक घास. मग परत, वर्ज? इतकी पोरं असतात ताई, प्रत्येक घासाला कुठवर उत्तर देणार? गडबडीत राहतं एखाद्या वेळेस. मग ती तशीच बसते, हातात धरून." लोंबणाऱ्या मुलाने साडी ओढली. मावशींनी त्याच्या डोक्यावर हलकीशी टपली मारली. "म्हणून म्हटलं, शिवी असेल तर घरीच जरा समजवा."

घरी आल्यावर आईने हे नवऱ्याला सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि जे बोलला ते बोलायला नको होते.

"म्हणजे शब्द प्रचारात आला," तो म्हणाला. "विभक्त्या घेत नाहीये अजून, पण प्रश्नार्थक वापर आहे, आज्ञार्थी वापर आहे. सामाजिक प्रसारसुद्धा—"

"तू गप्प बस."

शरमेने माणूस आपल्या धंद्याच्या भाषेत लपतो, हे तिला ठाऊक होते. ती स्वतः गेले काही महिने तिथेच राहत होती.

मग त्यांनी तो शब्द मागे घेण्याचा प्रयत्न केला. अर्थ बदलून पाहिला. "वर्ज्य म्हणजे छान!" वडील म्हणाले आणि बटाट्याची फोड उत्साहाने तोंडात टाकली. छोटीने वडिलांकडे पाहिलेच नाही. ती आईकडे बघत होती. व्याख्येवरून शब्द शिकण्याची खोड फक्त कोशकारांना असते. तिने हा शब्द आईच्या चेहऱ्यावरून उचलला होता: भुवयांच्या मधली ती बारीक घडी, ओठ मिटण्याची ती तऱ्हा. 'जाड' हा शब्द घरात आला असता तर छोटी कदाचित एक अपशब्द शिकली असती. तिच्या आईवडिलांच्या सुसंस्कृतपणामुळे ती थेट अर्थ शिकली.

ठरल्या दिवशी पुन्हा डॉक्टरांकडे जाणे झाले. छोटी काट्यावर उभी राहिली आणि हलली नाही. डॉक्टरांनी उंची घेतली, तक्त्यावर ठिपका काढला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! एकदम मस्त. ही रेघ बघा, किती छान खाली आली. काय केलंत हो?"

"काही नाही," आई म्हणाली. "लक्ष ठेवलं."

"शाबास. असे पालक मिळाले तर आमचं काम सोपं होईल." डॉक्टरांनी टेबलावरच्या बरणीतून एक केशरी गोळी काढली आणि छोटीपुढे धरली. "हे घे, तुला बक्षीस."

छोटीने दोन्ही हात पाठीमागे नेले. आईकडे मान वळवली. "वज्य?"

"काय म्हणाली?"

"वर्ज्य," वडील म्हणाले. हे सांगताना त्यांचा आवाज कोणा तिऱ्हाइताचा वाटला.

"अरे वा!" डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. "सिस्टर, ऐकलंत? या वयात इतका शुद्ध शब्द! आमच्या घरी 'नको' पण धड म्हणत नाहीत. अभ्यासू घर दिसतंय."

"प्राध्यापक होणार मोठी होऊन," नर्स म्हणाली.

गोळी तशीच डॉक्टरांच्या बोटांत होती. आईने ती घेऊन छोटीच्या हातात दिली. छोटीने मूठ मिटली, तोंडाकडे नेली नाही.

"डॉक्टर," आई म्हणाली, "मागच्या वेळी हिचं वजन खरंच जास्त होतं का?"

डॉक्टरांनी कागद मागे उलटले. "मागच्या वेळी... हं. होतं जरासं वर. तसं चालतं या वयात. उंची वाढली की आपोआप जमतं बहुतेकांचं."

"आपोआप."

"हो ना."

"मग तुम्ही लक्ष ठेवा म्हणाला होतात."

"ते आम्ही सगळ्यांनाच सांगतो," डॉक्टर प्रसन्नपणे म्हणाले आणि पुढच्या मुलाला आत बोलावले.

परतीच्या वाटेवर छोटीच्या मुठीत गोळी विरघळून चिकट झाली होती. वडिलांनी नळावर तिचा हात धुतला तेव्हा केशरी पाणी वाहून गेले.

त्या संध्याकाळी आईने वरचा डबा खाली काढला आणि सगळे टेबलावर मांडले: उकडलेले बटाटे, भात, पाव, लोणी. तिघे एकाच वेळी बसली. आईने आपले ताट संपवले. मग तिने मोठा चमचा उचलला आणि नवऱ्याच्या व मुलीच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा वाढून घेतले. लग्नाच्या इतक्या वर्षांत नवऱ्याने हे प्रथमच पाहिले. काही बोलू नये एवढे शहाणपण त्याला या वेळी सुचले.

छोटी खायची थांबली. "आई," ती म्हणाली, "वज्य."

या वेळी तो प्रश्न नव्हता. सूर पडता होता, ठाम होता, आणि आईला तो आपलाच म्हणून ओळखू आला.

"नाही गं," आई म्हणाली. "मला भूक लागलीय."

तिने घास घेतला. बटाटा निवला होता. छोटी तिचा चेहरा बघत होती. घासाकडे नव्हे, हाताकडे नव्हे, भुवयांच्या मधोमध. आई ती घडी पडू न देण्याचा प्रयत्न करत होती आणि प्रयत्न दिसू न देण्याचाही. असा चेहरा करायला कोणी शिकवलेले नसते. तिने दुसरा घास घेतला. छोटीने आपल्या ताटातली एक फोड उचलली, तोंडात टाकली, काही न विचारता. मग ताट थोडे पुढे ढकलले, खुर्चीवरून पोटावर घसरत उतरली आणि जमिनीवरच्या ठोकळ्यांकडे निघून गेली. ताटात दोन फोडी उरल्या होत्या.

"पोट भरलं असेल," वडील हळूच म्हणाले.

"असेल."

"नाही विचारलं तिनं. शेवटच्या घासाला. तू पाहिलंस ना?"

"पाहिलं. विचारायचा धीर झाला नाही म्हणून उठली की काय, कोण जाणे."

दोघेही तिच्याकडे बघत राहिली. पोट भरून उठलेल्या मुलाची आणि धीर सुटून उठलेल्या मुलाची पाठ सारखीच दिसते, आणि त्यांच्या एवढ्या वाचनात यावर एक ओळही आलेली नव्हती.

"उद्या परत बसू," आई म्हणाली. तिचा आवाज वर्गात शेवटचा तास घेऊन आल्यासारखा बसलेला होता. "परवाही. तिला दिसेल असं."

"मीही घेत जाईन दुसऱ्यांदा."

"तू तर तसाही घेतोस. न्हाणीघरात."

त्याला थोडे हसू आले, तिलाही. मग ते ओसरले. टेबलावर निवलेला भात होता, आणि दोघांपैकी कोणाच्याही अंगात ताटे उचलण्याचे त्राण नव्हते. आईला जाणवले की तिला अजून भूक आहे. तिने भांडे जवळ ओढले. जमिनीवरून छोटी मान वळवून बघत होती, हातातला ठोकळा हवेत तसाच धरून. आई जेवत राहिली.